अण्णांच्या चपला सापडत नव्हत्या

विधानसभेत प्रश्न आमदार विचारतात, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. हे अंशतः खरे आहे. आमदार उभे राहतात, हात उंचावतात, आवाज चढवतात. पण तो प्रश्न कितीतरी आधी कुठल्याशा गावातल्या एका खोलीत बसून कुणीतरी लिहिलेला असतो. आमच्या बाबतीत ती खोली नाशिकला, सीबीएस बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर होती. लिहिणारा मी होतो.

माझा हुद्दा स्वीय सहायक. लोक पीए म्हणत. आमच्या वसाहतीत मला साहेब म्हणत आणि रेशनकार्डाची कामं सांगत. आमचे आमदार म्हणजे अण्णा. दिंडोरी तालुक्यातले, पूर्वीचे शाळामास्तर. त्यांचं नशीब विचित्र होतं. एकदा आमचा पक्ष सत्तेत आला तेव्हा अण्णा पडले. पुढच्या खेपेला अण्णा आले तेव्हा पक्ष पडला. त्यामुळे त्यांची सगळी कारकीर्द विरोधी बाकावर गेली आणि माझीही त्यांच्यामागे गेली. मला त्याचं वाईट वाटत नाही. सत्ताधारी आमदाराच्या पीएला बदल्यांची कामं करावी लागतात. विरोधी आमदाराच्या पीएला निदान लिहायला मिळतं.

तारांकित प्रश्न म्हणजे काय, ते आधी सांगतो. ज्या प्रश्नाच्या डोक्यावर तारा, त्याला मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं. बिनताऱ्याचं उत्तर नुसतं छापून येतं आणि छापूनच राहतं. ढिगानं प्रश्न जातात, त्यातले थोडे सोडतीत निघतात, त्यातले पहिले चार-सहा प्रश्नोत्तराच्या तासात पुकारले जातात. उरलेले तासाबरोबर संपतात. लिहिण्याची रीत ठरलेली: अमुक अमुक झाले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरंही ठरलेली: हे खरे नाही, हे अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. नुसतं 'हे खरे आहे' असं उत्तर आलं, की मी समजायचो, संबंधित अधिकारी बदलून गेलाय.

खरं काम असतं उपप्रश्नात. छापील प्रश्नाचं उत्तर मंत्र्याच्या हातात तयार असतं, उपप्रश्नाचं नसतं. ते बाजूच्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठीवर येतं. मंत्री "सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे" असं सावकाश म्हणू लागले, की चिठ्ठी अजून वाटेत आहे, असं खुशाल समजावं. अण्णा म्हणायचे, "पगारे, छापील प्रश्न म्हणजे पाहुण्याला दिलेलं पाणी. जेवायला काय वाढायचं ते नंतर." म्हणून आम्ही छापील प्रश्न साधा ठेवायचो आणि उपप्रश्नावर डोकं घासायचो.

खोलीवर गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. मनमाडचा एक गृहस्थ मेहुण्याच्या बदलीचा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा म्हणून घ्या, असं सांगत दर अधिवेशनाच्या आधी यायचा. मेहुणा निवृत्त झाला तरी यायचा. मालेगावचे एक यंत्रमागवाले शेठ विजेच्या धोरणावरचा प्रश्न उर्दूमिश्रित मराठीत लिहून आणायचे आणि खाली मंत्र्याचं उत्तरही लिहून आणायचे. "पगारेसाहब, जवाब मी दिलाय, मंत्र्याला तकलीफ नको," असं म्हणायचे. त्यांचं उत्तर दर वेळी मंत्र्यांच्या उत्तरापेक्षा बरं असायचं, पण ते पटलावर ठेवण्याची सोय नियमांत नव्हती.

विरोधी पक्षाचं दुसरं काम आवाजाचं. घोषणा माझ्याकडेच. फलकावर मावली पाहिजे आणि दम न लागता ओरडता आली पाहिजे. एकदा सरकारच्या द्राक्षांबाबतच्या धोरणाचा निषेध म्हणून सगळ्यांनी द्राक्षांच्या माळा घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहायचं ठरलं. माळा आमच्याकडून गेल्या. कॅमेरे यायला उशीर झाला, तोवर आमदारांनी अर्ध्याअधिक माळा खाल्ल्या. माल दिंडोरीचा होता, त्यांना दोष देता येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला त्यात अण्णांच्या गळ्यात फक्त दोरा होता.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि मी नेतो. पण हिराबाईची गोष्ट तशी नेता येत नाही.

हिराबाई सुरगाण्याकडची. नाल्यापलीकडच्या एका पाड्यावरून दोन गडीमाणसांना घेऊन ती खोलीवर आली आणि खुर्ची असून खाली बसली. तिच्या पाड्यावर एका खोलीची, एका गुरुजींची, चौथीपर्यंतची शाळा होती. सरकारचं नवं धोरण आलं होतं: कमी पटाच्या शाळा बंद करायच्या आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची. याला समायोजन म्हणतात. धोरणात वाचनालय होतं, संगणक होते, प्रत्येक वर्गाला वेगळे शिक्षक होते. नकाशावर ते चांगलंच होतं. हिराबाईच्या पाड्यापासून मोठी शाळा नकाशावर एक किलोमीटरच्या आत भरत होती. मधला नाला नकाशावर बारीक निळी रेघ होता.

"पावसात त्यो नाला माणूस नेतो," हिराबाई म्हणाली. "मागं बैल नेला. माझी पोर दुसरीला हाय. मी तिला तिकडं धाडायची नाय. मंग ती शेळ्या वळील, दुसरं काय."

मी लिहून घेत होतो. ती माझ्या कागदाकडे बघून म्हणाली, "तिला वाचता येतंय भाऊ. मला नाय येत. सासूच्या औषदाच्या बाटलीवर काय लिवलंय ते तीच सांगती."

"आपण प्रश्न टाकू," मी म्हणालो.

"टाकून काय व्हतं?"

"सरकारला उत्तर द्यावं लागतं."

"आन् उत्तर दिल्यावर?"

मी तिला पाणी दिलं.

प्रश्न सोडतीत तिसरा निघाला. इतका वर आमचा प्रश्न क्वचितच आला होता. छापील उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: हे अंशतः खरे आहे, अंतर विहित मर्यादेत आहे, विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही. अण्णांनी ते वाचलं आणि शाळामास्तर असताना जसे वह्या बाजूला ठेवत असतील तसं बाजूला ठेवलं. उपप्रश्न त्यांनी मला लिहू दिला नाही. "हा माझा मी बघतो," म्हणाले.

हिराबाईला समजलं तेव्हा ती म्हणाली, "आमाला बघायचंय." मी समजावलं की त्यात बघण्यासारखं काही नसतं. तिला ते पटलं नाही. शेवटी पाड्यावरची पाच-सात माणसं जीपमध्ये घालून कसाऱ्यावरून मुंबईला नेली, पास काढले आणि प्रेक्षक गॅलरीत नेऊन बसवली. तिथे बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, पुढे वाकायचं नाही. हिराबाई हे सगळं पाळून बसली होती. तिची नजर मात्र कुणाला आवरता आली नसती.

त्या सकाळी विरोधी पक्षाच्या बैठकीत ठरलं होतं, की प्रश्नोत्तराच्या तासातच सभात्याग करायचा. मुद्दा फार मोठा होता. तो नेमका काय होता ते आज मला आठवत नाही. हे लिहिण्याआधी मी तेव्हाच्या तिघा-चौघांना विचारलं, त्यांनाही आठवत नाही. अण्णांनी पक्षाच्या प्रतोदांना गाठलं. प्रतोद म्हणजे कुणी कधी बसायचं, कधी उठायचं, हे सांगणारा पक्षाचा माणूस. अण्णा म्हणाले, "तिसरा प्रश्न माझा आहे. तो झाला की निघू."

प्रतोद म्हणाले, "अण्णा, सभात्याग म्हणजे काय एसटी आहे का, तुमच्या थांब्यावर थांबायला?"

अण्णा सभागृहाकडे निघाले. पक्षाचा आदेश मोडणारा माणूस नव्हता तो. मी गॅलरीत येऊन बसलो तेव्हा मला हे माहीत होतं आणि हिराबाईला माहीत नव्हतं. तिला सांगायला माझी जीभ उचलेना.

इथे अण्णांच्या चपलांविषयी सांगायला हवं. अण्णांना साखरेचा आजार. बसून बसून पाय सुजायचे, म्हणून ते बाकाखाली चपला काढून ठेवत. टायरच्या तळाच्या, जाडजूड. प्रत्येक सभात्यागात अण्णा सगळ्यांत शेवटी बाहेर पडत, कारण पुढच्या-मागच्या पायांनी चपला कुठेतरी सरकलेल्या असत. सगळ्या सभागृहाला हे ठाऊक होतं. सत्ताधारी बाकांवरूनही कुणीतरी म्हणायचं, "अण्णांना चपला द्या रे, लोकशाही खोळंबलीय."

दुसरा प्रश्न संपायच्या आत आमची मंडळी उठली. घोषणा झाल्या, कागद भिरकावले गेले, पुढच्या मोकळ्या जागेत थोडी धावपळ झाली, आणि सगळे दाराकडे निघाले.

हिराबाई माझ्याकडे वळली. "भाऊ, ह्ये कुटं चालले?"

"बाहेर."

"कशाला?"

"निषेध म्हणून."

"आन् आमचा प्रश्न?"

सुरक्षारक्षकानं ओठांवर बोट ठेवलं. मला त्याचे उपकार वाटले.

विरोधी बाक रिकामे झाले. फक्त कडेच्या, पायऱ्यांलगतच्या बाकावर अण्णा वाकून चपला शोधत होते. प्रतोदांनी दारातून हात केला. अण्णांनी खालूनच हात वर करून थांबायची खूण केली. प्रतोद एक क्षण थांबले आणि गेले, कारण बाहेर कॅमेरे थांबले होते. अध्यक्षांनी तिसऱ्या प्रश्नाचा क्रमांक पुकारला, अण्णांचं नाव घेतलं आणि विचारलं, "सन्माननीय सदस्य उपस्थित आहेत काय?"

बाकाखालून अण्णांचं टोपी घातलेलं डोकं वर आलं. "आहे, अध्यक्ष महोदय."

एवढी शांतता मी त्या सभागृहात कधी ऐकली नव्हती. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. विरोधक गेले म्हणजे तास आटोपला, असं समजून शिक्षण खात्याचे लोक फायली बांधून चहाला गेले होते. एक तरुण अधिकारी होता, पण तो बहुधा मत्स्यव्यवसायाचा होता.

अण्णा म्हणाले, "मंत्री महोदयांनी अंतर सांगितलं. मधे एक नाला आहे. त्या नाल्याचं नाव काय?"

मंत्र्यांनी गॅलरीकडे पाहिलं. मत्स्यव्यवसायवाल्यानं खाली पाहिलं. मंत्री म्हणाले, "नाव मला माहीत नाही."

"त्याला नाव नाही," अण्णा म्हणाले. "एवढ्या लहान नाल्याला कुणी नाव ठेवत नाही. पावसाळ्यात सात वर्षांच्या मुलीनं तो रोज ओलांडावा, असं शासनाचं धोरण आहे काय?"

एरवी इथे आमच्या बाकांवरून गिल्ला झाला असता, समोरून त्याला उत्तर आलं असतं, आणि त्या गदारोळात मंत्री खाली बसले असते. गोंगाट विरोधकांच्या कामाचा असतो, तसा मंत्र्यांच्याही कामाचा असतो, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी कळलं. आता ना गोंगाट होता ना चिठ्ठी. मंत्री खेड्यातलेच होते. हातातला कागद मिटून ते म्हणाले, "नाही. असं धोरण असू शकत नाही. त्या नाल्यावर पूल होईपर्यंत ती शाळा बंद केली जाणार नाही."

अण्णांनी आभार मानले. मग एकटेच सभात्याग करून बाहेर गेले.

सभागृहात मंत्र्यानं दिलेला शब्द आश्वासन म्हणून नोंदला जातो. तो पाळला की नाही, ते पाहायला आमदारांची एक समिती असते. ही समिती फार कडक असते असं नाही, पण तिला विसरताही येत नाही. मी हिराबाईला हे सांगू लागलो.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"पोरीची शाळा ऱ्हायली?"

"राहिली."

तिनं पदरानं डोळे पुसले. मीही चष्मा पुसला.

खाली चहा पिताना ती म्हणाली, "भाऊ, एक इचारू? आमदार वाकून काय हुडकत व्हते?"

"चपला. त्यांना सवय आहे काढून बसायची."

"आमी वरून बघत व्हतो ना," हिराबाई म्हणाली. "चपला तर पायातच व्हत्या."

मी चहा संपवला आणि तिला म्हणालो, की हे आता कुणाला सांगू नका. तिनं का म्हणून विचारलं नाही. पाड्यावरच्या माणसांना काय कुठे बोलायचं नाही, ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

पक्षाची नोटीस लगेच आली. सर्व सदस्य बाहेर पडले असता आपण सभागृहात थांबलात, हे खरे आहे काय. असल्यास, कारणे काय. मला नोटिशीची ही भाषा फार ओळखीची वाटली. अण्णा म्हणाले, "लिहा. चपला सापडत नव्हत्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेपर उघडला होता.

"एवढंच?" मी विचारलं.

"उपप्रश्न नको, पगारे," अण्णा म्हणाले.

पुढच्या निवडणुकीत अण्णांना तिकीट मिळालं नाही. कारण चपलाच होत्या, असं मी म्हणणार नाही. वय होतं, आजार होता, एक तरुण उमेदवार होता. पण निवड समितीतल्या एकानं विचारलं म्हणे, "सभात्यागाला येतील का ते वेळेवर?" बाकीचे हसले, आणि तिथेच विषय संपला. तरुण उमेदवार निवडून आला. सरकार तेच राहिलं, आमचा पक्ष विरोधातच राहिला, आमदार तेवढा बदलला. नवे आमदार सभात्यागात सगळ्यांच्या पुढे असतात. मी टीव्हीवर पाहतो. त्यांच्या पायात बूट असतात. त्यांनी मला ठेवून घेतो म्हटलं होतं, पण माझं मन उठलं होतं. झेरॉक्सवरची खोली सोडली. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा म्हणाले, पाड्यावर जाऊन येऊ. जीप नाल्याच्या अलीकडे थांबली. पाऊस सरला होता, तरी पाणी गुडघ्याला होतं. पूल नव्हता. पुलाला मंजुरी मात्र दोनदा आल्याचं मला ठाऊक होतं. दोन्ही वेळा ग्रामसभेत पूल हवा यावर एकमत झालं आणि तो कुठे हवा यावर झालं नाही. एकदा जागा वरच्या अंगाला, एकदा खालच्या. पैसे परत गेले. एकमत होऊ नये म्हणून पाडा फार काळजी घेतो, हे मला तिथे पोचल्यावर समजलं.

अण्णांनी धोतर खोचलं, चपला हातात घेतल्या, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि आम्ही पाण्यात उतरलो. हिराबाई पलीकडच्या काठावर उभी होती. मागे शाळेतून पोरांचा आवाज येत होता.

"सासूबाई कशा आहेत?" मी काठावर पोचल्यावर विचारलं.

"श्रावणात गेली," ती म्हणाली. "झोळीत घातली व्हती, पर नाला उतरंना. दोन दिस बसलो काठाला."

अण्णा पाण्याकडे वळले. ओले पाय, हातात चपला. मग म्हणाले, "माझं चुकलं, हिराबाई. मी शाळा मागितली. त्याच तोंडानं पूलही मागायला हवा होता."

"तुमी काय चुकलात?" हिराबाई म्हणाली. "पोर चौथीला हाय आता. पूल झाला की शाळा बंद. ही पोरं शिकून भायर पडू द्या, मंग पूल घेऊ."

"आणि त्यानंतरची पोरं?"

तिनं मागे शाळेकडे पाहिलं. मी इतकी वर्षं प्रश्न लिहिले, पण असा प्रश्न मला कधी सुचला नसता आणि सुचला असता तर तो कुठल्या मंत्र्याच्या नावे टाकायचा, ते मला कळलं नसतं. माणसानं शाळा घ्यावी की पूल, हे धोरण कुणी ठरवलं? आम्हीही त्यात होतो. मला तिथे वाईट वाटलं, आणि घरी आल्यावर जास्त वाटलं.

"दोन्ही मागायचं," अण्णा अखेर म्हणाले. "शाळा ठेवा आणि पूलही बांधा. आत कुणीतरी उभं राहून एवढंच म्हणायला पाहिजे."

"तुमी आता आत नाय ना," हिराबाई म्हणाली.

"मी नाही. तो नवा आहे."

हिराबाईनं अण्णांच्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, त्या नव्या आमदाराला चपला हुडकता येत्यात का?"

अण्णा खाली बसून पाय पुसू लागले. उत्तर देणं माझ्याकडे आलं, आणि मी सवयीनं म्हणालो, "माहिती घेऊन सांगतो."